शेजारच्या खोलीतले गृहस्थ

रविवार

पोचलो. खोलीतल्या टेबलावर कोरे कागद आणि पेन ठेवलेलं आहे, दोन्ही फुकट, म्हणून लिहायला बसलो. कवळ्या बनवणं बंद केल्यापासून हातांना काहीतरी चाळा लागतोच.

याला हॉटेल म्हणायचं नाही, रिसॉर्ट म्हणायचं, असं नातीनं मला दोनदा बजावलं. तिला आम्ही खारूताई म्हणतो. घास गिळत नाही, गालात साठवून ठेवते आणि तसंच बोलते. तिच्यासाठीच ही सहल. जवळच मोठमोठी थीम पार्कं आहेत. आकाशपाळणे, घसरगुंड्या, पाण्यातल्या होड्या, अस्वलांचे वेष घालून फिरणारी माणसं. सगळं जग तिकडं लोटलेलं असतं. आमचं रिसॉर्ट मात्र दाट झाडांच्या आड, गुपचूप. गालिचे इतके जाड आहेत की आपलंच पाऊल आपल्याला ऐकू येत नाही. मी म्हटलं, "इथं चालताना आपण मेलोय की काय असं वाटतं." ही म्हणाली, "आल्या आल्या तरी शुभ बोला." पन्नाशीपासून आमच्या संसारात शुभ बोलायचं खातं हिच्याकडे आहे.

जागा सूनबाईनं निवडली. "तुम्हाला दोघांना गर्दी सोसत नाही, बाबा. आम्ही दोघी दिवसभर पार्कात जाऊ, तुम्ही निवांत बसा. संध्याकाळी सगळे एकत्र." हल्लीच्या दिवसांत कोण सून एवढा विचार करते? मुलगा जाऊन दोन वर्षं झाली. साधा ताप म्हणता म्हणता गेला. त्याच्या मागे या पोरीनं आम्हा दोघांना तळहातावरच्या फोडासारखं जपलंय.

त्याचा फोटो मी बरोबर आणला आहे. टेबलावर ठेवला, तोंड खिडकीकडं. त्यालाही बाहेरचं दिसावं.

खिडकीतून झाडांच्या शेंड्यांवर पार्कातल्या एका उंच पाळण्याची कमान दिसते. मधूनच तिच्यावरून गाडी येते, हात वर केलेली माणसं, सगळ्यांची तोंडं उघडी. ओरडत असणार, पण इथं काही ऐकू येत नाही. आयुष्यभर लोकांना "आ करा" म्हणत आलो, पण एवढी तोंडं एका वेळी उघडलेली कधी पाहिली नव्हती.

सोमवार

दोघी सकाळीच रिसॉर्टच्या गाडीनं पार्कात गेल्या. ही विणकाम घेऊन बसली. मी पोहण्याच्या तलावाकाठी गेलो, तिथं ओळख झाली. आमच्या शेजारच्याच खोलीत उतरलेले गृहस्थ आहेत. चाळिशीचे असतील. पुस्तक उघडून बसले होते, पण पान काही उलटत नव्हतं. पुस्तक जड असावं.

"एकटेच आलात?" मी विचारलं.

"हो. म्हणजे, तसा एकटाच."

"इथं एकट्यानं यायचं म्हणजे जत्रेत जाऊन डोळे मिटून बसायचं."

ते हसले. पुढचा एक दात कोपऱ्यात मोडलेला आहे. मोडका दात असलेली माणसं ओठ आवळून हसतात, हे मोकळे हसतात. मला आवडलं. म्हटलं, "तो दात सहज बसवून मिळेल. माझं दुकान चालू असतं तर मीच बसवला असता."

"राहू दे. एका पेशंटनं लाथ मारली होती. आठवण आहे."

"डॉक्टर आहात?"

"हो. माझे पेशंट बोलत नाहीत. चावतात मात्र."

"लहान मुलांचे डॉक्टर!" मी म्हटलं. ते पुन्हा हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

बायकोचं विचारलं. "होती," एवढंच म्हणाले. मी पुढं विचारलं नाही. मीच मग मुलाबद्दल बोललो. का कोण जाणे, बाहेरच्या माणसाशी बोलता येतं. त्यांनी मधे एकही शब्द टाकला नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "तुमच्याकडून ऐकलं हे बरं झालं." कशाच्या मानानं बरं, ते कळलं नाही.

संध्याकाळी खारूताई पार्कातून आली ती तडक त्यांच्याकडे पळाली. "काका! आज मी होडीत बसले!" लहान मुलांना ओळख लागायला पाच मिनिटंही लागत नाहीत. त्यांनी विचारलं, "मांजरीचा कान कसा आहे?" आमच्याकडे मांजर आहे हे यांना कुठून कळलं म्हणून मी बघतच राहिलो. पोरीनंच सांगितलं असणार. तिच्या गालात घास राहतो, पोटात गोष्ट राहत नाही.

आणि हिचं काय सांगू. परक्या माणसाशी ही कधी चार शब्द बोलत नाही. आज त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. आई आहे का? कुठं असते? स्वतः स्वयंपाक करता? राग येतो का लवकर? ते बिचारे परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देत होते. मी नंतर म्हटलं, "त्यांना नोकरीवर ठेवायचंय का तुला?" ही म्हणाली, "तुम्ही जरा कमी बोलत जा."

हवापालट हिला मानवलेला दिसतो.

बुधवार

आज फार चांगला दिवस गेला.

न्याहारीला सूनबाई फिकट पिवळा ड्रेस घालून आली. नवा होता. मी म्हटलं, "छान दिसतोय." ती एवढी लाजली की मलाच कसंतरी झालं. दोन वर्षं पोरगी राखाडी आणि निळ्यात वावरतेय. मग खारूताईनं उकडलेलं अंडं गालात धरून अस्वलाची नक्कल केली. अंडं सुटलं आणि थेट शेजाऱ्यांच्या कॉफीत पडलं. (मी त्यांना शेजारीच म्हणतो, आता ते आमच्याच टेबलावर बसतात.) सूनबाई हसली. तोंडावर हात न ठेवता, खळखळून. मी हिच्याकडं बघितलं. हिचे डोळे भरले होते. आम्हा दोघांच्या मनात एकच होतं: तो असता तर.

रात्रीचं जेवण आम्ही सगळ्यांनी बरोबर घेतलं. शेजाऱ्यांना मीच आग्रह केला. टेबलाला मेणबत्ती, वाढणारे पांढऱ्या कपड्यात, बोलणं सगळं हळू. मला वाटलं, या भल्या माणसाला आपलं घर कसं आहे ते कळायला हवं. एकटा आहे बिचारा. घर म्हणजे काय हे कुणीतरी सांगावं.

म्हटलं, "ही आमची सून नाही, मुलगी आहे. हिच्या माहेरचे म्हणत होते, वय लहान आहे, दुसरा विचार करा. मी म्हटलं, तिलाच विचारा. तर हिनं त्यांच्यासमोर सांगितलं, मी या घरातून कुठं जाणार नाही. तिनं शब्द दिलाय आम्हाला. दुसरी कुणी असती तर कधीच गेली असती. आमचं म्हातारपण हिच्या शब्दावर उभं आहे."

सूनबाई ताटातल्या सुरीकडं बघत होती. स्तुती केली की ती अशीच अवघडते. ही म्हणाली, "सूप गार होतंय." शेजाऱ्यांनी मेणबत्ती थोडी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "नशीबवान आहात."

"आहेच," मी म्हटलं.

खूप दिवसांनी मनातलं नीट बोलता आलं. समाधान वाटलं.

गुरुवार

शेजारी गेले. सकाळी न्याहारीला दिसले नाहीत म्हणून मी त्यांचं दार वाजवलं, तर आत साफसफाई करणाऱ्या बाई चादरी काढत होत्या. सामान घेऊन पहाटेच निघाले म्हणाल्या. निरोपही नाही. पेशंटचं काही निकडीचं असेल. वाईट वाटलं.

सूनबाईचं डोकं दुखतंय. पार्कात गेली नाही, पडदे ओढून पडून राहिली. ऊन लागलं असणार. मी लिंबाचं सरबत मागवून दिलं, पण तिनं घेतलं नाही.

ही दिवसभर माझ्याशी बोलली नाही. कारण विचारलं तर म्हणाली, "विणताना टाका सुटला." नुसता टाका सुटला म्हणून दिवसभर अबोला?

शुक्रवार

आज मीही पार्कात गेलो. सूनबाई सकाळीच उठून तयार झाली होती, डोळे सुजलेले, आवाज उगीच मोठा. "आज सगळे जाऊ या, बाबा. मजा करू." पोरीसाठी मन मारून उठली, हे दिसत होतं. म्हटलं, चला.

काय ती गर्दी. काय तो आवाज. रिसॉर्टमधून नुसती उघडी तोंडं दिसत होती, इथं त्यांच्या किंकाळ्या कानात घुसतात. एक अस्वल माझ्या गळ्यात पडलं. आतला माणूस घामानं भिजला होता, वास येत होता. तो हळूच म्हणाला, "आजोबा, दोन मिनिटं धरून ठेवा, पाय गेलेत." मी धरून ठेवलं. लोक फोटो काढत होते.

खारूताईला पुन्हा होडीत बसायचं होतं. होडीत दोघांचीच जागा. ती आणि मी पुढच्या होडीत, ही आणि सूनबाई मागच्या. होडी आपोआप जाते, बोगद्यातून. दोन्ही बाजूंना कळसूत्री प्राणी ढोल वाजवतात आणि एकच गाणं पुन्हा पुन्हा म्हणतात.

पोरीनं विचारलं, "आजोबा, काका का गेले?"

"काम निघालं असेल त्यांना."

"नाही. तुम्ही नाही म्हणालात ना, म्हणून."

"मी? मला कुणी काय विचारलं?"

"आई विचारणार होती. ती आणि मी काकांकडे राहायला जायचं. आणि मांजर. त्यांनीच तिचा कान बरा केला ना, दवाखान्यात. आणि सुट्टीला तुमच्याकडे यायचं. आई म्हणाली, आजोबा आधी त्यांना नीट बघू देत, मग विचारू. म्हणून तर आपण आलो."

"आपण पार्कासाठी आलो."

"पार्क माझ्यासाठी," ती म्हणाली. "रिसॉर्ट तुमच्यासाठी."

शेजारून एक माकड झांजा वाजवत होतं. उतरावंसं वाटत होतं, पण होडी फिरून परत येईपर्यंत उतरता येत नाही. मागून हिचा आवाज आला, "पाण्यात हात घालू नका गं!" आम्ही दोघांनीही हात घातले नव्हते.

बोगद्याचं तोंड दिसायला लागलं तेव्हा मी विचारलं, "तुला आवडतात ते?"

तिनं विचार केला. "हो. पण बाबा आवडतात तसे नाही. दुसऱ्या आवडीनं."

बाहेर ऊन होतं. सूनबाईनं मागच्या होडीतून उतरताना माझा चेहरा बघितला आणि तिला कळलं. ती पोरीच्या बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. नाडी बांधलेलीच होती.

शनिवार, सकाळ

सगळ्यांना माहीत होतं. हिला माहीत होतं, पोरीला माहीत होतं, त्या माणसाला तर होतंच. शेजारच्या खोलीत राहून तो माझ्याकडून माझ्या मुलाचं मरण ऐकत बसला, आणि मी त्याला आग्रहानं जेवू घालत होतो. मुलांचे डॉक्टर म्हणे. सगळ्यांनी मिळून मला नाटकाला बसवलं, आणि नाटक आहे हे तेवढं सांगितलं नाही.

तिनं शब्द दिला होता. मी काही मागितला नव्हता.

न्याहारीला गेलो नाही.

शनिवार, दुपार

ही न्याहारी खोलीत घेऊन आली. टोस्ट आणि पपई. टेबलावर ठेवली, फोटो थोडा बाजूला सरकवून. मी म्हटलं, "तू पण त्यांच्यातलीच."

"हो," ही म्हणाली. "दिवाणखान्यात बसून ती मला सांगत होती, रडत होती, तेव्हा तुम्ही आत बातम्या बघत होतात. तुमच्यापुढे तिला तोंड उघडायचा धीर होत नव्हता. आणि म्हणे आयुष्यभर लोकांना आ करायला लावलं."

"मला सरळ विचारायचं होतं."

"विचारणारच होती. शुक्रवारी. ते दोघं मिळून तुमच्यापुढे बसणार होते, मीही बसणार होते. तुम्ही बुधवारीच उत्तर दिलंत. प्रश्न येण्याच्या आधी. आणि तेही कसं? शब्द दिलाय, म्हातारपण उभं आहे. एवढं ऐकल्यावर कोण विचारणार?"

"तू का नाही बोललीस मग? तिथल्या तिथं? सूप गार होतंय म्हणालीस."

ही टोस्टला लोणी लावत होती. लावतच राहिली. मग म्हणाली, "कारण मला बरं वाटलं."

मी फोटोकडं बघितलं.

"तुम्ही बोलत होतात तेव्हा माझ्या मनात आलं, झालं, आता जात नाही ही. पोरगी आपल्याकडेच राहील. मला बरं वाटलं हो. आणि मग तिचा चेहरा दिसला. तेव्हापासून मला घास जात नाही."

टोस्ट आम्ही दोघांनीही खाल्ला नाही. चाळीस वर्षांच्या संसारात ही माझ्यासमोर फार वेळा रडलेली नाही. मुलाच्या वेळीही न्हाणीघरात नळ सोडून रडायची. आज नळ सोडला नाही.

मी आठवायचा प्रयत्न केला, तिनं तो शब्द कसा दिला होता. दवाखान्याच्या जिन्यात. त्याला जाऊन तासही झाला नसेल. मी पायरीवर बसलो होतो आणि तिच्या ओढणीचं टोक माझ्या मुठीत होतं. मी धरलंय हे मला माहीतही नव्हतं. तिला पुढं जाता येईना. तेव्हा ती म्हणाली, "मी कुठं जाणार नाही, बाबा." माहेरच्यांपुढं म्हणाली ते नंतर.

शब्द असा दिला होता तिनं.

शनिवार, संध्याकाळ

सूनबाई तलावाकाठी होती. पोरगी उथळ पाण्यात, ती कडेला पाय सोडून. मी शेजारी बसलो. गुडघे मोडतात की काय असं झालं. मीही चपला काढून पाय पाण्यात सोडले.

तीच आधी बोलली. "बाबा, तो विषय संपला. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. खारूनं उगाच सांगितलं."

"संपवला मी. तुम्ही काढलाच कुठं होता?"

ती पायानं पाणी ढवळत राहिली.

"वाईट माणूस नाही," मी म्हटलं. "नुसतं ऐकून घेतो. मला मधे थांबवलं नाही. मी तर कुणालाही थांबवतो."

"त्यांनी मला सांगितलं. तुम्ही याच्याबद्दल काय काय बोललात ते." याच्याबद्दल म्हणाली. अजून 'हा'च आहे तिच्यासाठी, 'तो' झालेला नाही. "म्हणाले, त्या माणसाकडून तुला हिरावून नेणं मला जमणार नाही. म्हणून गेले. मीच त्यांना म्हटलं, जा."

मला वाटलं होतं इथं येऊन मी काहीतरी चांगलं बोलेन. रस्ताभर जुळवलं होतं. ते सगळं गेलं. म्हटलं, "फोन कर त्यांना."

"तुम्ही मनापासून म्हणताय, बाबा?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हटलं. "मनापासून म्हणायला मला वेळ लागेल. किती ते माहीत नाही. तू तोवर थांबू नकोस."

तिनं माझ्या दंडावर कपाळ टेकलं. पाठ हलत होती. पाण्यातून पोरगी ओरडली, "आई, बघ, मी तरंगतेय!" आम्ही दोघांनी बघितलं. तरंगत वगैरे नव्हती, एक पाय तळाला टेकवलेला होता. आम्ही टाळ्या वाजवल्या.

"मी तुम्हाला सोडून जात नाहीये, बाबा."

"जातेस," मी म्हटलं. "जायलाच हवं. फक्त फार लांब घर घेऊ नका. हिचे गुडघे माझ्याहून वाईट आहेत."

रविवार

घरी आलो. रिसॉर्टचे उरलेले कागद घेऊन आलोय, त्यावरच लिहितोय.

सूनबाईनं रात्री फोन केला असणार, शेजारी स्वतः गाडी घेऊन रिसॉर्टवर न्यायला आले होते. गाडी दिसली आणि सूनबाई सामान तिथंच टाकून थबकली. ते उतरले, तिच्याकडं न जाता आधी माझ्याकडं आले. किल्ल्या या हातातून त्या हातात करत राहिले. शेवटी ते म्हणाले, "पुढं बसा. पाय लांब करता येतील."

पुढची सीट. मुलगा गाडी चालवायचा तेव्हा मी तिथंच बसायचो, रस्ता दाखवायचो, त्याला राग यायचा. म्हटलं, "नको. मला मागंच बरं." सूनबाई पुढं बसली. मी, ही आणि मधे खारूताई. सगळा रस्ता मला त्या दोघांची डोकी दिसत होती, एक उंच, एक बुटकं. ते तिच्याशी काही बोलले नाहीत. माझ्यासाठी बोलत नसावेत. ते पाहवेना म्हणून मी डोळे मिटून घेतले. झोप लागली असं त्यांना वाटलं, आणि मग ते हळू आवाजात बोलायला लागले. मांजरीबद्दल. किती साधं बोलत होते. मी घरापर्यंत डोळे उघडले नाहीत.

आमचा जिना अरुंद आहे. सामान त्यांनीच वर आणलं, दोन खेपांत. दारात ठेवलं आणि बाहेरच उभे राहिले. सूनबाई माझ्याकडं बघत नव्हती, मुद्दाम. ही मात्र बघत होती. आत या म्हणायचं ते मी, घर माझं. तोंड उघडलं, पण आवाज येईना.

पोरीनंच त्यांना हाताला धरून आत ओढलं, मांजर दाखवायला. त्यांनी घाईघाईनं बूट काढले, दाराबाहेर, जिन्यातच, एक आडवा पडलेला. पाहुणे काढतात तसे. दहा मिनिटांत जाणारा माणूस काढतो तसे.

सगळे आत गेले. मी उंबऱ्यात राहिलो. दाराच्या आत आमची चपलांची मांडणी आहे. हिची जागा, माझी, सूनबाईची, खाली पोरीची. माझ्या शेजारचा एक खण दोन वर्षं रिकामा आहे. त्यात कुणी काही ठेवत नाही. कुणी ठरवलेलं नाही, पण ठेवत नाही. ही रोज पुसते मात्र.

मी वाकलो. गुडघे वाजले. त्यांचे बूट उचलले, जड होते, टाचा एका बाजूला झिजलेल्या. आतून हिनं विचारलं, "काय करताय?"

"काही नाही," मी म्हटलं.

खणात बसेनात. याचा पाय त्याच्याहून मोठा आहे. मी ते थोडे तिरके करून ठेवले.